हार्लनसाठी दोरा

गळ असलेली कुठलीही वस्तू गॅरेजच्या दाराच्या आत आणायची नाही, हा व्हर्नेलच्या घरातला जुना कायदा. रॉइस टिडवेलने तो शुक्रवारी दुपारी मोडला, तो केवळ थंडी वाजत होती म्हणून. सोमवारपासून पावसाची झड लागली होती, गॅरेजचं छप्पर नेमकं कामाच्या टेबलावर गळत होतं, आणि त्याची बायको व्हर्नेल घरात नव्हती. पाच मिनिटांचं तर काम आहे, असं म्हणत तो सगळं सामान दिवाणखान्यात घेऊन आला आणि आरामखुर्चीत बसला. (आजवर त्याचं कुठलंही काम पाच मिनिटांत झालेलं नाही, हे त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.)

शिवाय काम साधं नव्हतं. ज्याच्याबरोबर रॉइसने उभा जन्म एका बोटीत बसून बास मासे धरले, तो हार्लन स्टीगल जानेवारीत गेला होता. तलावावर नव्हे, इस्पितळात, छताकडे बघत. तेव्हापासून रॉइसने बोट पाण्यात घातलेली नव्हती. उद्या तलावाच्या काठी हार्लनच्या नावाने लोक जमणार होते, आणि हार्लनची बायको ओपल हिने रॉइसच्या हातात हार्लनचं लाडकं आमिष आणून ठेवलं होतं. बोटभर लांबीची लाकडी मासोळी. हिरव्या रंगाचे टवके उडालेले, पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन टोकांचे दोन गळ.

"तलावातल्या त्याच्या त्या कोपऱ्यात टाक आणि दोरा तोडून दे," ओपल म्हणाली होती. "राहू दे तिथंच."

तेव्हा आता प्रश्न होता दोऱ्याचा. समोर दोन रिळं होती. एकावर काचेसारखा, पाण्यात दिसेनासा होणारा दोरा. रॉइसचा जन्मभर या दोऱ्यावर विश्वास. नितळ पाण्यातला बास संशयी असतो, दोरा दिसला की तोंड फिरवतो, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यावर विणलेला जाड, काळपट दोरा. हा हार्लनचा. वेलीत अडकू दे, ओंडक्यात अडकू दे, तुटायचं नाव नाही.

"मासा दोऱ्याकडे बघत नाही रॉइस," हार्लन म्हणायचा. "तू एकटाच बघतोस."

हा वाद कधीच मिटला नाही. बोटीत दोघांना बोलायला दुसरं काही नसे असं नाही, पण दुसरं काही बोलायचं झालं की दोघेही हाच वाद काढत. हार्लनला दुखणं कळलं त्या दिवशीसुद्धा त्यांनी संध्याकाळपर्यंत दोऱ्याबद्दलच भांडण केलं होतं.

रॉइसने बराच विचार केला. दोरा शेवटी तोडायचाच आहे, म्हणजे सहज तुटणारा हवा. हे कारण त्याला इतकं पटलं की त्याने काचेचा दोरा गळाच्या काठीत ओवला, मासोळीला गाठ मारली, ती खुर्चीच्या हातावर ठेवली आणि टीव्हीचा आवाज कमी करायला उठला. मासोळी खुर्चीच्या हातावरून गादीवर घसरली. तो परत येऊन बसला.

एका क्षणात त्याला सगळं कळलं.

पोटाखालचा गळ रॉइसच्या मागच्या बाजूला उलट्या काट्यापर्यंत आत गेला होता. शेपटीचा गळ गेला होता खुर्चीच्या गादीत. उठू गेलं की रॉइस एकीकडे, खुर्ची दुसरीकडे, आणि मधोमध हार्लनची मासोळी. तो पुन्हा बसला. बसणं जास्त वाईट होतं. अर्धवट तिरका होऊन त्याने श्वास रोखला, तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

व्हर्नेल एकटी नव्हती. सोबत ओपल होती आणि पास्टर लेमन होते. उद्याचं ठरवायला तिघं आली होती.

काळ्या कपड्यांतली विधवा दारात उभी आणि रॉइस खुर्चीतून हलेना. त्याने काठी आणि रिळं पायाने खुर्चीखाली ढकलली.

"रॉइस," व्हर्नेल दबक्या आवाजात म्हणाली, "उठ की."

"नाही उठवत," रॉइस म्हणाला. हे खरंच होतं.

"नाही उठवत म्हणजे?"

"पाय..." रॉइस म्हणाला. हे खोटं होतं. पण ओपलच्या नवऱ्याची शेवटची आठवण आपण कुठे रोवून बसलो आहोत हे ओपललाच सांगायचं, त्यापेक्षा कुठलंही खोटं बरं, असं त्याला वाटलं.

पास्टर लेमन तरुण होते, गावात नवे होते आणि मनाने फार चांगले होते. ते त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "ब्रदर रॉइस, दुःख कुठून वार करील सांगता येत नाही," ते म्हणाले.

"नाही येत," रॉइस म्हणाला.

"कुणाच्या छातीत जातं, कुणाच्या पायांत."

पास्टरांनी त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून प्रार्थना सुरू केली आणि भरात येऊन जोर दिला. रॉइसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "रडा," पास्टर म्हणाले. "मोकळे व्हा." त्यांनी हात काढून घेतले, कळ हळूहळू ओसरली, पण पाणी थांबेना. आता हे कशाचं, ते रॉइसलाही कळेना. इस्पितळात तो रडला नव्हता, दफनालाही नाही. आता तो लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि हुंदक्यागणिक गळ त्याला टोचत होता.

पास्टरांना आणखी एका आजाऱ्याकडे जायचं होतं. जाताना डोळे पुसत ते व्हर्नेलला म्हणाले, "मी सगळ्यांना निरोप देतो. सगळे प्रार्थना करतील."

दार लागलं. ओपल मात्र जागची हलली नव्हती. खुर्चीखालून आलेला काठीचा शेंडा, त्यातून निघालेला पारदर्शक दोरा, तो दोरा रॉइसच्या बुडाखाली जातो ती जागा, असं सगळं तिने शांतपणे पाहिलं.

"किती आत गेलाय?" तिने विचारलं.

व्हर्नेलने आधी खाली पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग ती कात्री आणायला गेली. तिने गादीचं कापड गोल कापून काढलं. रॉइस उभा राहिला तेव्हा मागे मासोळी आणि मासोळीला फुलाफुलांचा तुकडा लोंबत होता.

"टेबलावर ओणवा हो," ओपल म्हणाली. "हार्लनच्या कानातून काढलाय मी. दोऱ्याचा फास गळात अडकवायचा, मासोळी खाली दाबायची आणि एक हिसका."

तिने रॉइसचाच दोरा अडकवला आणि हिसका दिला. दोरा तुटला. दुहेरी केला, तोही तुटला. टेबलाची कड धरून रॉइस घामाघूम झाला.

"दुसरा दे, विणलेला," ओपल म्हणाली.

"तो नको."

"का?"

"मग तो जिंकला असं होईल," रॉइस टेबलाकडे तोंड करूनच म्हणाला.

ओपलने काळपट दोरा ओढून घेतला. "जिंकू दे," ती म्हणाली. "एवढं तरी." एकाच हिसक्यात गळ बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. तलावाकाठी लोक छत्र्या घेऊन बसले होते आणि सगळ्यांत पुढे, पाण्याच्या कडेला, एक रिकामी चाकांची खुर्ची ठेवलेली होती. त्यावर कुणीतरी मायेने उशीही घातली होती. रॉइस गाडीतून उतरून चालत आला, तसे सगळे उठून उभे राहिले.

"बसा ब्रदर रॉइस," पास्टर म्हणाले. त्यांनी चाकांची खुर्ची पुढे सरकवली.

"नको. मी उभाच राहतो."

"थकाल."

"बसण्यापेक्षा उभं बरं," रॉइस मनापासून म्हणाला. मागच्या रांगेत एक बाई रडायला लागली.

काचेच्या दोऱ्याचे तुकडे झाले होते, म्हणून काठीवर हार्लनचा दोरा होता. रॉइसने मासोळी फेकली. ती उंच गेली आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या मधोमध, हार्लन नेहमी टाकायचा तिथे, टुपकन पडली. मग त्याने दोरा तोडायला ओढला. तुटेना. मनगटाला गुंडाळून ओढला. काठी वाकली, रॉइसचा पाय चिखलात घसरला, पण दोरा होता तसाच ताणलेला. लोक पावसात उभे. ओपल त्याच्याजवळ आली.

"सोड ना रे आता."

"मी सोडतोय," रॉइस म्हणाला. "तोच सोडत नाहीये."

तिने पर्समधून छोटी कात्री काढून त्याच्या हातात दिली. त्याने दोरा कापला. टोक पाण्यावर जरा वेळ पडून राहिलं, वेटोळं झालं आणि खाली गेलं. रॉइस तिथे बघत राहिला. व्हर्नेलने छत्री त्याच्या डोक्यावर धरली, आणि तिचे स्वतःचे केस भिजत राहिले.

मग शेडमध्ये जेवण झालं. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, केळ्यांचं पुडिंग. रॉइस खांबाला टेकून उभ्यानेच खात होता. एवढ्यात ब्यूला हॅनी, वय झालेली, गुडघे गेलेली, काठी टेकत त्याच्यासमोर आली.

"मला खरं सांग रॉइस. काल मेलेले पाय आज उठले कसे? पास्टरांच्या प्रार्थना माझ्यावर वर्षभर चालू आहेत, काही फरक नाही."

रॉइसने व्हर्नेलकडे पाहिलं. व्हर्नेलने तोंडातला घास सावकाश संपवला.

"सुया टोचून घेतल्या त्याने," ती म्हणाली.

"चिनी पद्धतीने?"

"नाही, आपल्या इकडच्याच."

"कुठे टोचतात? गुडघ्यात?"

"जरा वर. मागच्या अंगाला."

हातात ताटली घेऊन उभ्या असलेल्या ओपलने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. पास्टर तिला धीर द्यायला धावले.

"आणि टोचतो कोण?" ब्यूलाने विचारलं.

"तोच. त्याला कुणाची मदत लागत नाही."

ब्यूलाने रॉइसला नखशिखान्त न्याहाळलं. इतक्या आदराने त्या गावात त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मग मंगळवारी माझ्याकडे ये," ती म्हणाली. "सुया मी उकळून ठेवते."