शिवकांताचा जामीन

बायकोचा परवाना एका दुपारीत करून आणतो, असं मी पारावर छातीठोकपणे सांगितलं होतं!

देश स्वतंत्र झाला, पण आमचं परांडा निजामाकडंच राहिलं आणि बायकोचं माहेर, बार्शी, परमुलूख झालं. माहेरी गेलेली बायको परतली ती तीस दिवसांच्या परवान्यावर.

"अहो, मुदत संपून तीन महिने झाले. सापडले तर हद्दपार करतील," ती म्हणाली. ती चौथी शिकलेली. मला अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं. पण नवरा मी होतो!

"तू गप बस. मी जामीन राहतो."

कचेरीतल्या पेशकारानं रेशनच्या धान्याचं रजिस्टर उघडलं. "महालिंगप्पा, तुमच्या घरात बायको नागम्मा. मग परवान्यावरची शिवकांता कोण?"

"तीच की! ते माहेरचं नाव. लग्नात माझ्या आईनं बदललं."

"एका बाईची दोन नावं? सरकारला फसवता? सहा महिने कैद!"

"कुणाला?"

"बाईला."

मी घाईनं हात जोडले. "न्हाय न्हाय साहेब! दोन बाया हायेत! येगळ्या!"

"असं व्हय?" पेशकार दुधावरच्या मांजरासारखा हसला. "मग दुसरी कुठं लपवलीस?"

शिपाई घरी आले. कणगीत हात घातला, म्हशीखाली वाकून बघितलं. बायकोनं त्यांना ताक दिलं. "कुणाला हुडकताय, दादा?"

"तुमच्या सवतीला!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की शिपाईच मला धीर द्यायला लागले.

शेवटी कचेरीत बोलावून पेशकारानं कागद पुढं केला. "जामीन राहा. उमटव अंगठा." वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. ऐटीत उमटवला!

घरी बायकोनं नक्कल वाचली: आठ दिवसांत शिवकांता हद्दीबाहेर न गेल्यास जामीनदारानं जावं.

नागम्मा रजिस्टरात होती, ती राहिली. शिवकांता काही सापडली नाही. नवव्या दिवशी शिपायांनी मला बार्शीच्या नाक्यापलीकडं सोडलं.

सासुरवाडीत चार दिवस जावयाचा मान मिळाला. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी हातात पाटी दिली. "शिका आता, जावईबापू! पुढचा कागद कोण वाचणार?"

सहा महिन्यांनी माझा परवाना आला. अक्षर लावून लावून वाचलेला माझा पहिला कागद तो. मुदत: तीस दिवस. जामीनदार: नागम्मा. खाली तिची ठसठशीत सही!

पुढं निजामी गेली, नाके उठले. तरी मी पारावर मोठ्यानं बोलायला लागलो, की ती तोच कागद घेऊन दारात येते.

"मुदत संपलीय तुमची. चला घरात!"