द्वारकी घोरपडीचं मैदान

एका जंगलात, मुलांनो, माद्यांचा फुटबॉलसंघ होता. जंगल राजधानीपासून इतकं लांब होतं की तिथे वणवा लागला तरी राजाला पावसाळ्यात कळायचं.

द्वारकी नावाची घोरपड या संघाची कर्णधार होती. गोलही तीच राखायची. चेंडू एकदा तिच्या नखांत सापडला की सुटत नसे. पुढच्या फळीत झुंबर नावाची हरिणी होती. ती धावायला लागली की पंचाला नुसती धूळ दिसायची.

तळ्यामागच्या माळावर या साऱ्याजणी सराव करायच्या. माळ त्यांनीच साफ केला होता. त्यांना तिथून कोणी हाकललं नाही, कारण तो माळ कोणालाच नको होता.

खेळत खेळत संघ अखिल जंगल लीगमध्ये पोचला. तिथे मात्र तो मार खात राहिला. शेवटचा सामना राजधानीच्या बिबटिणींशी होता. हरलं की लीगमधून बाहेर. सामना संपेपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही, एवढा एक नियम त्यांच्या बाजूने होता.

सामन्याआधी क्रीडामंडळाचे अध्यक्ष, आबासाहेब रानडुक्कर, खास भेटायला आले.

"पोरींनो, लाज राखा जंगलाची. लीगमध्ये टिकलात तर तुम्हाला मैदान बांधून देतो!"

"मैदान आहे आमच्याकडे, आबासाहेब," द्वारकी म्हणाली. "तिथे प्यायच्या पाण्याची सोय झाली तर बरं होईल."

"पाणी काय, कोणीही देईल," आबासाहेब म्हणाले. "मी मैदान देणार."

सामना सुरू झाला. बिबटिणी नुसत्या गुरगुरल्या तरी बचावातल्या सशिणी मटकन खाली बसायच्या. द्वारकी गोलमधून ओरडायची, "उठा गं! नियम आहे, खात नाहीत!" सशिणी उठायच्या. उत्तरार्धात झुंबर दोन बिबटिणींच्या मधून निसटली आणि तिने गोल मारला.

अगदी शेवटी बिबटिणींना पेनल्टी मिळाली. त्यांची कर्णधार चेंडू ठेवताना द्वारकीकडे बघून जिभल्या चाटत होती. द्वारकी भीतीने जमिनीला चिकटली. पण ती मुळातच पोटावर चालणारी, म्हणून कोणाला कळलं नाही. चेंडू सुटला. तिने अंग झोकून दिलं, नखं रुतवली, आणि पंचाची शिटी वाजेपर्यंत डोळे उघडलेच नाहीत.

संघ लीगमध्ये टिकला.

जंगलात मोठा सत्कार झाला. व्यासपीठ मंडळाच्या सभासदांनी भरून गेलं होतं, म्हणून खेळाडू खाली उभ्या राहिल्या. ती पेनल्टी कशी अडवली, ते आबासाहेबांनी सविस्तर सांगितलं. ऐकताना द्वारकीला क्षणभर वाटलं, त्या दिवशी गोलमध्ये तेच उभे होते की काय.

आणि आबासाहेबांनी शब्द पाळला. तळ्यामागच्या माळावर मैदान झालं. भोवती भिंत, आत मऊ हिरवळ, दारावर चेंडू धरलेल्या द्वारकीचं भलंमोठं चित्र.

दुसऱ्या दिवशी द्वारकी संघ घेऊन सरावाला गेली. दारावर कोल्हा होता.

"आत जाता येणार नाही, ताई. खेळल्याने हिरवळ खराब होते."

"अरे, हे आमच्यासाठी बांधलंय. वर माझं चित्र आहे बघ."

कोल्ह्याने मान वर करून चित्र नीट पाहिलं.

"चित्राला परवानगी आहे," तो नम्रपणे म्हणाला.

झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कुठे खेळायचं गं?"

टेकडीपलीकडे एक ओसाड पडीक जागा होती. द्वारकी तिकडे चालू लागली, आणि तिच्या मागे सगळ्या.

चार दिवस सराव बरा चालला. पाचव्या दिवशी टेकडीवर आबासाहेब दिसले. सोबत मंडळही होतं. पळायला वेळ नव्हता. द्वारकीने चेंडू पोटाखाली घेतला आणि ती त्यावर बसली. बाकीच्या गवत वेचू लागल्या.

"काय चाललंय, पोरींनो?"

"अंडं उबवतेय, आबासाहेब," द्वारकी म्हणाली.

घोरपडी अंडी उबवत नाहीत, मुलांनो. त्या ती मातीत पुरतात आणि निघून जातात. पण आबासाहेबांना हे माहीत नव्हतं. ते मादी कल्याण समितीचेही अध्यक्ष होते.

"वा!" ते गहिवरून म्हणाले. "खेळबिळ ठीक आहे, पण हे खरं काम." त्यांनी जागेवरून एक नजर फिरवली, नाक मुरडलं आणि मंडळाला घेऊन ते निघून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत द्वारकी हलली नाही. मग तिने चेंडू झुंबरकडे ढकलला.

"चल, मार. पण गोल झाला तर ओरडू नका गं कोणी."

तात्पर्य : मुलींनो, हरणाऱ्याकडून कोणी काही काढून घेत नाही. जिंकायचंच असेल तर खुशाल जिंका, पण सत्काराच्या तावडीत सापडू नका.