हळदीतला पिच्चर

नातवाच्या हळदीत सगळा मांडव नाचत असताना बन्सीआबा भल्या मोठ्या एलईडी पडद्याच्या मागे खुर्ची टाकून टॅबवर पिच्चर शोधत होते. पडद्यामागं बसायची त्यांना सवयच. जत्रेतल्या तंबूत मागूनही पिच्चर दिसायचा, उलटा दिसायचा एवढंच. एलईडीच्या मागं मात्र नुसत्या वायरी.

पिच्चर काळा-पांढरा, तमाशाचा. मिसरूड फुटायच्या वयात आबांनी तो तंबूत पाहिला होता. पण ऐन शेवटाला वडिलांनी कान धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सगळी आळी शेवट विचारू लागली. पाहिला नाही म्हणायची लाज, म्हणून आबांनी ठोकून दिलं: नाचणारी पाटलाच्या गाडीत बसते आणि लगीन लागतं. तेव्हापासून जुन्या पिच्चरांच्या बाबतीत श्रीगोंद्याकडच्या त्या गावात आबांचा शब्द शेवटचा. खरा शेवट एकदा गुपचूप बघून घ्यावा, एवढाच आज त्यांचा बेत होता.

आपलं प्री-वेडिंग शूटिंग दाखवायला ओंकारनं, म्हणजे नवरदेवानं, तोच टॅब सकाळी पडद्याला जोडून ठेवला होता. आबांना ते कुठून ठाऊक? त्यांचं बोट म्हणजे उसाचं कांडं. चार ठिकाणी दाबलं तेव्हा कुठं पिच्चर सुरू झाला, तोही थेट शेवटाच्या जरा आधीपासून.

"एवढंसं यंत्र, पर आवाज काय दणका हाय!" आबा खूश झाले.

आवाज डीजेच्या बॉक्समधून येत होता. शेवट जवळ आला आणि मांडवातून शिट्टी वाजली, तेव्हा आबा दचकले. तेवढ्यात हळदीनं माखलेला ओंकार धावत आला.

"आबा, बंद करा! समदं पडद्यावर दिसतंय!"

शेवट सगळ्यांनी बघितला तर आयुष्यभराची अब्रू गेली. आबा बंद करणारच होते, पण ओंकारचं तोंड थांबेना.

"असलं जुनाट कोन बघतंय आता? नवरीकडची मानसं हसत्यात आपल्याला!"

झालं. आबांनी टॅब छातीशी धरला.

"जुनाट? आरं, तुमच्या पिच्चरमधी धा मानसं मरत्यात तरी डोळ्याला पानी येत न्हाई! आता तर ह्यो शेवटपातूर चालनार!"

ओंकारनं टॅब हिसकावला, पण हळदीच्या ओल्या बोटांना काच दाद देईना. तिच्यावर नुसते पिवळे फराटे उमटले. पुढून शेवगावच्या राहीबाई, नवरीची आजी, ओरडल्या, "कुनी हात लावायचा न्हाई! जेवनं मागून वाढा!"

आता लपण्यात अर्थ नव्हता. आबा पुढं येऊन ताठ बसले.

पाटलानं गाडी थांबवून हात पुढं केला. नाचणारीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, चाळ खांद्यावर टाकले आणि तमाशाच्या फडाच्या वाटेनं निघून गेली. पिच्चर संपला. सगळा मांडव आबांकडं वळला.

"अवो, ती गाडीत बसती म्हनं ना?" आबांच्या बायकोनं, साळूबाईनं विचारलं. आबांचा शेवट सगळ्यात जास्त वेळा तिनंच ऐकला होता.

आबा उभे राहिले. "व्हय. आन आजबी तेच सांगतो! पिच्चरवाल्याचा शेवट चुकलाय. पाटलानं एवढा जीव लावला, बाईनं गाडीत बसायलाच पायजे!"

"का म्हनून?" राहीबाई कडाडल्या. "केलं त्येच बराबर केलं!"

मांडवात दोन तट पडले. गडीमाणसं आबांकडं, बाया राहीबाईंकडं. नवरी स्नेहलही आजीच्या बाजूनं मान डोलवू लागली, तेव्हा ओंकारचा चेहरा हळदीतूनही पांढरा दिसला. आबांनी शेवट कधी पाहिलाच नसेल, हे त्या भांडणात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ओंकारनं घाईघाईनं हात धुऊन प्री-वेडिंग लावलं. पडद्यावर तो आणि स्नेहल हातात हात घालून सूर्यफुलांतून सावकाश पळू लागले. कितीतरी वेळ पळतच राहिले.

"अवो," साळूबाई आबांकडं वाकून म्हणाली, "ह्येचा शेवट काय हाय?"

"बघितला न्हाई अजून," आबा मिशीला पीळ देत म्हणाले, "पर सांगतो की."