टिंबापुढचं आडनाव

राधाकृष्णअण्णांना माणसाचं तोंड बघायची गरजच पडत नसे. "नुसतं आडनाव सांगा," ते म्हणायचे, "मामा कुठला, मावशी कुठं दिली, कुनाशी बांधावरून भांडन हाय, समदं सांगतो!" आणि सांगायचेही! बेलापुरात त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. पाटीवर ठळक लिहिलेलं, 'सर्वांसाठी खुले'. आत मात्र प्रत्येक जातीचं कपाट वेगळं, आणि प्रत्येक कपाटाला कुलूप वेगळं.

"खुलंच हाय की," अण्णा म्हणायचे. "कुनीबी यावं अन् आपापल्या कपाटात जावं!"

दुखणं एकच होतं. अर्ध्या तालुक्याच्या अक्षता टाकून बसलेल्या अण्णांची स्वतःची लेक, ज्ञानेश्वरी, सव्विसावं ओलांडून घरातच होती. दाखवायचा कार्यक्रम ठरला की ती मावशीकडे निघून जायची. चार स्थळं रिकामा कप ठेवून परत गेली. गाव म्हणायचं, "दिव्याखाली अंधार!" गिऱ्हाईकंही म्हणायला लागली होती, आणि ते जास्त लागत होतं.

अठ्ठ्याण्णव साली अण्णांनी श्रीरामपुराहून एक जुना कॉम्प्युटर आणला. ज्ञानेश्वरीनं कोर्स केलेला होता. तिनं कपाटंच्या कपाटं त्यात रिकामी केली. प्रत्येक माणसाच्या तीन फाईली. एक माहितीची, एक फोटोची, एक कुंडलीची. अण्णांच्या हट्टापायी तिनं स्वतःचीही केली, पण तोंड कडू करून.

"हे नावाम्होरं टिंब, अन् टिंबाम्होरं तीन अक्षरं. हे काय हाय?" एक दिवस अण्णांनी विचारलं.

"ते फाईलचं आडनाव समजा, अण्णा. ते बघून कॉम्प्युटर ठरवतो, हिला कुठं उघडायचं. लिहिलेलं असलं तर एका सॉफ्टवेअरमधे, फोटो असला तर दुसऱ्या, कुंडली असली तर तिसऱ्या."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी आत काय हाय ते बघतच न्हाई? आडनाव बघूनच घर ठरवतो?"

"तसंच."

"लई गुनाचं मशीन! हे तर आपल्यातलंच निघालं!"

पुढच्या शनिवारी ज्ञानेश्वरी एका दिवसासाठी अकोल्याला मावशीकडे गेली. अण्णा खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसले. यादी बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. नवल्यांची पोरगी, काळ्यांचा पोरगा, साबळ्यांची बारकी, सगळ्यांच्या टिंबापुढं एकच आडनाव! डी-ओ-सी! हा डॉक कोण? कुठल्या गावचा? त्याच्या घरात काळेही आणि साबळेही?

"पोरीनं घोळ केला!" अण्णा आतल्या घराकडं बघून ओरडले. "समद्यांना एका पंगतीत बसवलं!"

"बसू द्या की," त्यांच्या बायको छबूबाई आतून म्हणाल्या. "जेवतील अन् जातील."

पण अण्णा पेटले होते. त्यांनी एकेका फाईलचं टिंबापुढचं खोडून खरं आडनाव घालायला घेतलं. नवले असेल तर एन-ए-व्ही. काळे असेल तर के-ए-एल. माहिती, फोटो, कुंडली या तिघांना एकच आडनाव दिलं की कॉम्प्युटर 'असा एक आहे' म्हणून कुरकुरायचा. मग अण्णांनी त्यांच्या नावांना एक, दोन, तीन असे आकडे दिले. एका घरातले तीन भाऊ!

दर वेळी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं जायचं. खाली दोन बटणं, एक होय आणि एक नाही. अण्णा न वाचता होय दाबायचे. विचारणारच की! आडनाव बदलताना सरकारसुद्धा विचारतं. दुपारपर्यंत त्यांचं बोट होय होय करून सुजलं.

शेवटी राहिली ज्ञानेश्वरीची फाईल. अण्णा थांबले आणि गालात हसले. कारण एक गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. उद्या पाथर्डीकडचे सूर्यभानराव बटुळे मुलाला घेऊन येणार होते. 'कॉम्प्युटर बघायला' म्हणून. कप-बशीचा कार्यक्रम नाही, म्हणजे पोरगी पळायचं कारण नाही! मुलगा सुनील साखर कारखान्यात लॅबमधे होता, केंद्रात त्याचं नाव नोंदवलेलं होतं, आणि आडनाव तर अण्णांना तोंडपाठ!

"आज ना उद्या व्हायचंच हाय," असं पुटपुटत अण्णांनी लेकीच्या टिंबापुढं घातलं, बी-ए-टी. बटुळे! होय!

रविवारी पाहुणे आले. टोपी, उपरणं, खणखणीत आवाज, असे सूर्यभानराव. त्यांच्यामागं गप्प गप्प सुनील.

"आधी नमुना दाखवा कुनाचा तरी," सूर्यभानराव म्हणाले.

अण्णांनी ऐटीत नवल्यांच्या पोरीवर टिचकी मारली. कॉम्प्युटर घुटमळला. एक भलीमोठी यादी पुढं आली, यातल्या कशात उघडू म्हणून. शंभर लग्नं जमवलेला माणूस, पण ही स्थळं अण्णांच्या ओळखीची नव्हती! त्यांनी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं. पडदाभर चौकोन, फुल्या, आकडे, गळ, कोयते.

"हे काय म्हनायचं?"

"नवल्यांच्या पोरीचा फोटो."

"अगागागा!" सूर्यभानरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आजारी हुती का?"

"ते ऱ्हाऊ द्या! आमची ज्ञानू बघा!" अण्णांनी घाईघाईनं लेकीच्या फाईलवर टिचकी मारली.

आता मात्र यादी आली नाही. नेमकं हे आडनाव कॉम्प्युटरच्या चांगलंच ओळखीचं होतं. टिंबापुढं बी-ए-टी दिसलं की तो आतला मजकूर वाचायच्या भानगडीत पडत नाही, हुकूम समजून पाळायलाच लागतो! खिडकी काळीठिक्कर पडली आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बॅड कमांड', म्हणजे 'हा हुकूम चुकीचा', अशी ओळीखाली ओळ धावायला लागली. सूर्यभानरावांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. त्यांनी प्रत्येक ओळीचा पहिला शब्द मोठ्यानं वाचला.

"बॅड... बॅड... बॅड... अण्णा! तुमचंच मशीन तुमच्या पोरीला बॅड म्हनतंय!"

"न्हाई वो पाव्हनं! ते... ते गमतीनं..."

"मग आमच्या सुनीलचं उघडा!"

अण्णांनी नाइलाजानं टिचकी मारली. सुनीलच्याही टिंबापुढं तेच! खिडकी काळी झाली. बॅड, बॅड, बॅड!

"माझ्या पोराला?" सूर्यभानराव उठून उभेच राहिले. "नोंदनी करताना गोड बोलता, अन् आत असं लिवून ठेवता व्हय!"

तेवढ्यात पिशवी खांद्याला लावून ज्ञानेश्वरी दारात आली. तिनं पडदा बघितला, यादी बघितली, अण्णांचं तोंड बघितलं. पिशवी तिथंच खाली ठेवली.

"अण्णा, आडनावं बदलली तुम्ही?"

"नीट केली."

"कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही?"

"विचारलं हुतं की. दर वेळी. मी होय म्हनत गेलो."

ज्ञानेश्वरी खुर्चीवर बसली आणि सगळ्यांत वरच्या फाईलचं आडनाव परत पहिल्यासारखं करायला लागली. पडद्यावर तोच प्रश्न आला. इतका वेळ गप्प असलेल्या सुनीलनं पुढं वाकून तो मराठीत सांगितला, "टिंबापुढचं बदललं तर ही फाईल कदाचित वापरता येणार नाही. नक्की बदलायचं आहे का?"

"असं लिवलं हुतं?" अण्णांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

ज्ञानेश्वरीचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि एका जागी थांबलं. तिचंच नाव, आणि पुढं बी-ए-टी. तिनं खालची दुसरी ओळ बघितली. सुनीलचं नाव, आणि पुढं बी-ए-टी. मग तिनं पाहुण्यांकडं बघितलं.

"आपलं आडनाव?"

"बटुळे," सूर्यभानराव छाती काढून म्हणाले.



"फाईल आहे ही, अण्णा," ती हळू म्हणाली. "निर्जीव. तरी तिचं आडनाव बदलताना या डबड्यानं विचारलं, नक्की का म्हणून. माझं बदललं तेव्हा कुणी विचारलं?"

 अण्णांनी आधाराला सुनीलकडं बघितलं.

"मलाबी न्हाई विचारलं," सुनील म्हणाला. "आमचे वडील म्हनले, चल, कॉम्प्युटर बघून येऊ."

ज्ञानेश्वरीला हसू आवरेना. सूर्यभानराव खाली बसले आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागले. सुनीलनं स्टूल ओढलं. तिन्ही भावांतला फोटो कोणता, कुंडली कोणती, हे तो उघडून सांगायला लागला आणि ती एकेकाचं आडनाव नीट करायला लागली. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारायचा. प्रत्येक वेळी ती पूर्ण वाचून मगच होय दाबायची. दोघांचं काय बोलणं चाललंय ते अण्णांना ऐकू येत नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती.

पाहुणे निघाले तेव्हा अण्णांनी घसा खाकरला. "ज्ञानू... म्हंजी बघ... तुला हे स्थळ... नक्की का?"

"आज विचारलंत ना," ती म्हणाली, "आता मी वाचून सांगते."

अण्णांच्या जिवात जीव आला. कपबश्या उचलायला आलेल्या छबूबाईंकडं बघून ते कौतुकानं म्हणाले, "बघितलं का? विचारलं की पोरगी कशी शहान्यावानी बोलती!"

"व्हय," छबूबाई म्हणाल्या. "मला तर अजून कुनी विचारलंच न्हाई. तीस वर्सं झाली. आता विचारता का?"

 

छबूबाई नाही म्हणाल्या तर?

अण्णा गुपचूप उठले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. बंद करतानाही तो विचारत होता, नक्की का? या वेळी अण्णांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं.