तांबड्या मोटारीचे दावे

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, ऐकणारांचे अंतःकरण मऊ राहो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, संवत्सर नावाचे क्रोधी, परंतु घडले ते मायेचे. ते ऐसे जे, एका राज्यी वैजयंताबाई नामे करारी बाई होत्या, आणि त्यांचे यजमान गजाननराव यांचे पाय लकव्याने गेले, आणि दोन वर्षे त्यांणी उंबरठा ओलांडिला नाही. दुचाकीवर बसवेना, रिक्षात चढवेना, आणि खिडकीशी बसलेले यजमान बाईंस पाहवेनात. मग बाई पन्नाशीत मोटार हाकणे शिकल्या, तेणेकरून गल्लीतील कुत्री शहाणी जाहली. आणि जुनी तांबडी मोटार विकणे आहे ऐसी खबर लागतांच हसन मिस्त्री यांस वकील नेमोन बाईंनी नारायणराव शेळके यांचे दारी स्वारी नेली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडोन इंजिनाचा ठाव घेतला, आणि मोटार निरोगी ठरली, आणि मोल ठरले, आणि सह्याही जाहल्या. परंतु चावी देते समयी नारायणरावांची मूठ उघडेना. मोटार कैलासवासी पत्नीचे हौसेची, आणि चावीच्या गोफास घुंगरू तिणेच ओविलेले. मागील दोन गिऱ्हाइके येथूनच हात हलवीत परतली होती.

"आज राहू द्या," नारायणराव म्हणाले.

मिस्त्री तापले, "अहो काका, सह्या झाल्या ना? पोरखेळ आहे का हा?"

बाईंचे डोळ्यांपुढे ती खिडकी आली. मग त्यांस आपले वडील आठवले. त्यांणी गाय विकली तरी तिचे गळ्यातील दावे कधी दिले नाही. घेणाराने आपले दावे आणावे, ही घरची रीत. मग बाईंनी अंबाड्याची काळी फीत सोडिली आणि म्हणाल्या, "काका, दावं तुमच्यापाशीच राहू द्या. नुसती गाय द्या. बांधायला मी माझं आणलंय."

नारायणराव ढसढसा रडले, आणि मग हसले, आणि गोफ सोडवून चावी आपले हाते फितीत ओविली. बोलिले, "पोरी, सकाळी जरा खोकते हो ती. रागावू नकोस तिला."

दुसरे दिवशी गजाननराव पुढचे आसनी विराजमान जाहले. बाईंनी पुसिले, "कुठं जायचं, बोला."

"गाय नीट चालते, एवढं त्या काकांना दाखवून येऊ आधी."

नारायणराव ओट्यावर बसले होते, हाती घुंगरू. बाईंनी मागचे दार उघडिले, आणि ते घुंगरू सांभाळीत आत बसले.

येणेप्रमाणे मोटार एकाकडे गेली, दावे एकाकडे राहिले, आणि फिरती मात्र तिघे.