बेवारशी चालीचा दाखला

ज्या पदाच्या डोक्यावर 'चाल अमुक पदाची' असे छापलेले नसते ते पद बेवारशी समजावे, हा संगीत नाटकाचा पहिला नियम आहे. नियम अतिशय चांगला आहे. त्यामुळे मान कुठे डोलवावी हे प्रेक्षकाला आधीच कळते आणि गाणे ऐकत बसण्याचा त्रास वाचतो.

निजामाच्या अमलात तलवाड्याला देवीच्या जत्रेत दरसाल नाटक होई. मंडळीचे मालक अर्जुनराव देशमुख. त्यांना गाण्यातले काही कळत नसे (मालकीला ते आडवे येत नाही). चाली बसवण्याचे काम त्रिंबक पेटीमास्तराकडे होते. त्याच्या निम्म्या चाली पुण्याकडच्या नाटकांतून, पाव हिस्सा हैदराबादेकडच्या कव्वाल्यांतून आणि बाकीच्या भजनांतून उचललेल्या असत. याबद्दल त्याला पंचक्रोशीत मोठा मान होता.

एका साली मात्र त्याच्या हातून आगळीक घडली. नायिकेच्या विरहाच्या पदाला कुठलीच उसनी चाल बसेना. पेटीवर नुसती बोटे फिरवीत बसला असता एक चाल आपली आपणच आली. त्याने ती बायकोला ऐकवली. चंद्रभागाबाईच्या हातातले सूप हातातच राहिले.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "कुणाची हाय?"

"माजी."

"तसं न्हाई वो. कुणाची हाय?"

त्रिंबकला जन्मात पहिल्यांदा स्वतःचे असे काही सापडले होते. ते आपले आहे एवढे चार लोकांनी म्हणावे, ही त्याची इच्छा होती. इच्छा साधी होती, पण तिच्यासाठी कुठे सोय नव्हती.

नाटकाला तालुक्याच्या कचेरीची इजाजत लागे. दरख्वास्तीसोबत पदांची यादी आणि प्रत्येक पदापुढे चालीचे मूळ लिहावे लागे. विरहाच्या पदापुढचा रकाना कोरा होता. कचेरीतल्या पेशकारसाहेबांनी दयाळूपणे समजावले की कोरा रकाना धोक्याचा असतो, त्यात पुढे कोणीही खरे लिहून जाईल. तेव्हा सदरहू चालीवर कोणाचा असर आहे, याचे पत्र चाल बसवणाराने आपल्या दस्तखतीने दाखल करावे, असा हुकूम झाला.

त्रिंबकने लिहिले, "सदरहू चालीवर कोणाचाही असर नाही. ती मला सुचली." खाली झोकदार सही केली. अर्जुनरावांनी ते पत्र चावडीवर वाचायला घेतले आणि पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उतरला.

"कावून बे त्रिंबक, आपली मंडळी इतकी गयीगुजरी हाय का, का मास्तरला घरची चाल लावावी लागती?"

बातमी फुटताच वारसदार उगवले. भिवराबाई म्हणाली, ही तर माझी जात्यावरची ओवी. आश्रुबा म्हणाला, मोट हाकताना मी हेच म्हणतो (बैलांनी दुजोरा दिला नाही, पण विरोधही केला नाही). दिंद्रुडचा म्हाळू ढोलकीवाला आपली चाल चोरल्याबद्दल शिव्या देतच आला आणि सगळ्या देऊन झाल्यावर त्याने चाल ऐकवायला सांगितली. पंच बसले. तिघांनी तीन निरनिराळ्या चाली म्हटल्या आणि एकही त्रिंबकच्या चालीशी जुळली नाही. एवढ्या ठिकाणी चोरी करून कुठेच माग ठेवला नाही, यावरून चोर किती सराईत आहे हे सिद्ध होते, असा पंचांनी निवाडा दिला.

जत्रा तोंडावर आली. अर्जुनरावांनी निर्वाणीचे सांगितले, "पत्र बदल, न्हाईतर पद काढ."

त्रिंबक घरी जाऊन रडला. रडावे असे कोणी मारले नव्हते, तरी रडला. नाव ठेवावे तर चाल मरते, आणि चाल जगवावी तर नाव जाते. शेवटी त्याने दुसरा कागद घेतला. "सदरहू चाल हैदराबादेचे मरहूम उस्ताद गुलमीर खाँ यांच्या ठुमरीवरून जशीच्या तशी उचलली असून तीत माझे काहीही नाही." (उस्ताद सकाळपर्यंत जन्मले नव्हते, दुपारी मरहूम झाले. कलावंतांचे आयुष्य अल्प असते ते असे.)

इजाजत तडक आली. पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडले. पेशकारसाहेबांचे डोळे भरून आले, कारण लहानपणी त्यांनी खाँसाहेबांना समोर बसून ऐकले होते. अर्जुनरावांच्या वडिलांनी खाँसाहेबांना शाल दिल्याचे अर्जुनरावांनाच त्या दिवशी आठवले. भिवराबाईने दावा सोडला. खाँसाहेबांनी कधीतरी तिच्या आईची ओवी ऐकली असेल, एवढ्यावर तिचे समाधान झाले.

पुढच्या साली वर्गणी काढून उस्तादांची पुण्यतिथी झाली. तारखेविषयी जाणकारांत थोडा मतभेद होता, इंतकालाविषयी नव्हता. शेवटी त्रिंबक पेटीवर बसला आणि त्याने ते पद जीव ओतून म्हटले. उठताना शिरूर कासारच्या एका म्हाताऱ्या रसिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चांगलं गाता मास्तर. पर खाँसायबांची सर न्हाई."

त्रिंबक मान खाली घालून म्हणाला, "हौ. ती कुठून येणार?"

वाचकहो, तलवाडेकरांना हसण्याची घाई करू नका. इथवर येताना 'हे कोणाच्या वळणावर गेले आहे बरे?' असा विचार तुमच्याही मनात एकदा तरी येऊन गेला असेल. नाव सुचले असेल तर गोष्ट तुम्हाला आवडली, असे आम्ही समजतो. सुचले नसेल तर सांगा, एखादे चांगलेसे मरहूम नाव आम्हीच पुरवू.