मॅटीवरच्या झाडाचा तपास

शोध घेणाऱ्याने आरंभ स्वतःपासून करावा, हे तत्त्व मला सर्वथा मान्य आहे. नाताळच्या त्या दिवशी ते मला वेळेवर आठवले नाही, इतकाच काय तो माझा अपराध. आणि त्याची कबुली देऊनच हा वृत्तान्त लिहावयास बसलो आहे.

चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना संस्कृत शब्दांची मुळे शोधावयास शिकविले. निवृत्तीनंतर हीच शोधक बुद्धी घरातील हरवलेल्या वस्तूंच्या सेवेस लावली. प्रज्ञा कुशाग्र, दृष्टी गरुडाची (चष्मा सापडल्यास), आणि अंगात तपकिरी रंगाचा जाड लोकरी कोट. तपास चालू असेतो हा कोट मी उतरवीत नाही. आजवर अकरा प्रकरणे हाताळली. त्यांपैकी नऊ वस्तू सौ.ने शोधल्या, एक आपण होऊन परत आली, व एक अद्याप माझ्या चिंतनाचा विषय आहे.

बारावे प्रकरण सकाळी दहा वाजता सूनबाईच्या हाकेने उद्भवले.

"बाबा, माझं झाड दिसत नाहीये!"

झाड म्हणजे नाताळचे झाड. वहीच्या पानाएवढ्या मॅटीच्या, म्हणजे चौकोनी भोकांच्या जाड विणीच्या, कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेले. ते आरंभिले होते तिच्या आईने, आमच्या विहीणबाईंनी. अर्धे झाड झाले आणि त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. त्यांनी सुई खाली ठेवली ती ठेवलीच. उरलेले अर्धे सूनबाईने वर्षभर, आईला कळू न देता, भरून काढले. चार वाजता विहीणबाई येणार होत्या, मागोमाग इतर पाहुणे. आणि ते झाड आईच्या हाती द्यावयाचे होते.

"आत्ताच व्हरांड्यात बसून झाडाच्या टोकाची चांदणी भरली, शेवटचा दोरा तोडला, तेवढ्यात कुकीज करपल्याचा वास आला. सगळं खुर्चीवर टाकून धावले. परत येते तर कापड नाही! खुर्चीवर नुसता तुमचा कोट. तोही कॉलर धरून झटकला, काही पडलं नाही."

"कोट इकडे दे," मी गंभीरपणे म्हणालो व तो अंगात चढविला. तत्क्षणी पाठीला बारीक खाज सुटली. अंतःप्रेरणा जागृत होत असल्याचे ते लक्षण मी ओळखले.

स्वयंपाकघरात सौ. ओव्हनपाशी उभी होती. खोली यज्ञकुंडासारखी तापलेली.

"अहो, काढा तो कोट. घामाने निथळताय."

"तपास चालू आहे."

"मग तपास करता करता तो पिठीसाखरेचा डबा द्या."

डबा देता देता मी एक कुकी उलटी केली आणि स्तब्ध झालो. तिच्या पाठीवर बारीक बारीक चौकोन उमटले होते! हुबेहूब मॅटीची वीण!

"उलगडा झाला," मी शांतपणे म्हणालो. "हे पीठ मॅटीच्या कापडावर लाटलेले आहे. गुन्हेगार याच खोलीत आहे. त्याच्या हाती लाटणे आहे."

सौ.ने लाटणे खाली ठेवले नाही. "कुकीज तारेच्या जाळीवर निवत ठेवल्यात. तिचे वळ आहेत ते."

पडताळा पाहण्यासाठी मला आणखी चार कुकीज तपासाव्या लागल्या. पुरावा नष्ट करणे शास्त्रसंमत नाही. परंतु पुरावा गरम होता.

दुसरा सिद्धान्त उंदराचा होता. त्यासाठी मी कपाटाखाली पालथा पडून राहिलो. तेथे मला माझा जुना चष्मा सापडला, म्हणजे चिंतनाचे अकरावे प्रकरण निकालात निघाले. परंतु त्या आनंदात कोणी सहभागी झाले नाही.

दुपारी वरच्या मजल्यावरचे शेजारी घड्याळजी आले. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी सपाट होते, आकाराने वहीच्या पानाहून किंचित मोठे. मी वाट अडविली.

"काखेत काय आहे?"

"कुठे काय? काही नाही."

"काही नाही, तर ते चौकोनी कसे?"

घड्याळजी घाबरून सौ.कडे पाहू लागले. "वहिनी, यांना सांगा ना!"

"अहो, लाकडी चौकट आहे ती! घड्याळजींना सुतारकामाची हौस, म्हणून झाडाला बसवायला मीच करायला सांगितली होती. गुपचूप द्यायची होती. झालं, आता दवंडी पिटा."

कागद उलगडला. चौकट सुंदर होती. त्या रिकाम्या चौकटीकडे पाहून सूनबाईचे डोळे भरले.

"आता यात काय बसवू? आईच्या हातचं ते शेवटचं होतं, बाबा."

माझ्यापाशी तिसरा सिद्धान्त तयार होता. तो मी गिळला.

बरोबर चारला विहीणबाई आल्या. मी त्यांना हात धरून खुर्चीत बसविले. बोटे हिमासारखी गार.

"व्याहीबुवा, बाहेर फार गारठा आहे हो."

मी कोट काढला व त्यांच्या गुडघ्यांवर पांघरला. सौ.ने हातातले ताट खाली ठेवले, कारण तपास संपल्याखेरीज कोट उतरवण्याची ही पहिलीच वेळ. विहीणबाईंनी उबेसाठी दोन्ही हात अस्तराखाली घातले आणि एकाएकी थबकल्या.

"व्याहीबुवा, तुमच्या कोटाला आतून झाड कधी उगवलं?"

त्यांची बोटे सावकाश वर सरकत होती.

"हे टाके माझे. मी डावखुरी, माझा वरचा दोरा असा झुकतो. आणि इथून पुढे उलटा झुकतोय." त्यांनी लेकीच्या दिशेने मान वळविली. "हे कुणी भरलं गं?"

"मी, आई."

विहीणबाई बराच वेळ एकाच फांदीवरून बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान भरलंस. पण चांदणी सासऱ्यांच्या कोटाला का शिवलीस?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. "सकाळी थंडी वाजत होती म्हणून बाबांचा कोट मांडीवर घेतला होता. टाके आरपार अस्तरात गेले! झटकून पडणार कसं?"

"म्हणजे सहा तास मुद्देमाल पाठीवर घेऊन फिरलात!" सौ. म्हणाली. "आणि मी आपली म्हणतेय, कोट काढा, कोट काढा!"

"म्हणूनच तो सुरक्षित राहिला," मी नम्रपणे निदर्शनास आणले. घड्याळजींना इतके हसू आले की त्यांना पाणी द्यावे लागले.

सूनबाईने चांदणी उसवून कापड मोकळे केले व सुई ओवली. विहीणबाईंनी हात पुढे केला.

"दे इकडे. चांदणी मी भरते. मॅटीची भोकं बोटांनी मोजता येतात, एवढ्या वर्षांत सुचलंच नाही मला."

पाहुणे येत राहिले, कुकीज संपत राहिल्या. त्या मात्र एकेक भोक मोजीत होत्या. चांदणीचा एक कोन जरा लांब झाला आहे. तो कोणीही उसवू नये.

त्या मायलेकींचे टाके असेच एकमेकींकडे झुकलेले राहोत. आणि ज्या ज्या घरी काही हरवले असेल, तेथे त्यांच्यासारखी बोटे वेळेवर पोहोचोत.